तळव्याखालची जाग

त्रिशलानं पाळण्याच्या कठड्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली: हलव.

मी गादीवर बोटं आपटली. हळूच, तान्ह्या बाळाची टाच आपटावी तशी. दुकानदार माझ्याकडे बघत होता, मालनआक्का दुकानदाराकडे बघत होत्या आणि नववा महिना लागलेली माझी लेक भर दुकानात डोळे मिटून उभी होती. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि मान हलवली. हा नको.

"अहो मॅडम, आमच्याकडचा सगळ्यात भारी पीस आहे हा," दुकानदार म्हणाला. "झालर बघा, मच्छरदाणी बघा. आतून सगळीकडून फोमचं अस्तर. बाळाला कुठं लागायला नको."

"मला बी ह्योच आवडला," आक्का म्हणाल्या. "राजकन्येचा हाय जणू."

त्रिशलानं ते फोमचं अस्तर चिमटीत धरून ओढून दाखवलं. "बाळाचं तोंड यात रुतलं तर?" तिनं हातांनी विचारलं आणि मी ते तोंडानं दुकानदाराला सांगितलं.

त्रिशलाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. ती शाळेत खुणांची भाषा शिकली तेव्हा तिच्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसून मीही शिकले. त्यामुळे तिनं हातांनी काही सांगितलं तरी मला ती 'म्हणाली' असंच वाटतं, आणि इथंही मी तसंच सांगणार आहे. तिचा नवरा सुकुमार, त्यालाही ऐकू येत नाही. तो कोल्हापुरात एका छापखान्यात कामाला आहे. दोघं शाळेतले सोबती. मालनआक्का त्याच्या आत्या. सुकुमारची आई तो रांगत असतानाच गेली, तेव्हापासून आक्कांनीच त्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. म्हणून नात्यानं आत्या असल्या तरी माझ्या विहीणबाई त्याच.

त्रिशला पहिल्या बाळंतपणाला इचलकरंजीला माझ्याकडे आली होती आणि आक्का पाठोपाठ आल्या होत्या.

दुकानदारानं एक एक पाळणा पुढे ओढला. नळ्यांचा, जाळीचा, चाकांचा, झोका देणारा. त्रिशला आधी गादी दाबून बघायची. हात रुतला की तो पाळणा बाद. मग गादीच्या कडेनं बोट फिरवून फट शोधायची, गजांच्या मधून मूठ जाते का बघायची. आणि हे सगळं जमलं तर शेवटी तो प्रकार: तळवा, मिटलेले डोळे आणि हलव.

"हे काय चाललंय?" आक्कांनी मला विचारलं. "पाळणा बघतीया का नाडी बघतीया?"

मला तरी कुठं माहीत होतं!

दुकानदार मात्र हुशार. ऐकू येत नाही हे कळल्यावर आतून एक छोटं खोकं घेऊन आला. "हे बघा, हे बाळापाशी ठेवायचं. बाळ रडलं की तुमच्या उशापाशी दिवा लागतो. भक्कन."

आक्कांचा चेहरा उजळला. "मग मिटलं की!"

त्रिशलानं ते खोकं उलटसुलट करून पाहिलं. बाजूला ठेवायला सांगितलं, घेऊ म्हणाली. पण पाळणे बघायचं काही थांबवेना.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"हे बाळ रडल्यावर सांगतं," ती म्हणाली. "मला त्याच्या आधी कळायला हवं."

हे वाक्य मी आक्कांना सांगितलं नाही. मलाच ते नीट कळलं नव्हतं.

शेवटी तिला हवा तो पाळणा दुकानाच्या अगदी मागे सापडला. दुसऱ्या मालाच्या आड उभा करून ठेवलेला, साधा लाकडी. नक्षी नाही, रंग नाही. तळाला सलग एकच फळी, त्यावर पातळ कडक गादी. एका बाजूचा कठडा पार खाली उतरवता येत होता, म्हणजे तो पलंगाला लावला की आईची गादी आणि बाळाची गादी एका पातळीवर. पलंगाला घट्ट बांधायला खाली जाड पट्टे होते.

"याला कुणी विचारत नाही हो," दुकानदार म्हणाला.

त्रिशलानं उतरवलेल्या कठड्याच्या कडेवर तळवा ठेवला. मी बोटं आपटली. तिनं मान डोलावली. मी हळू आपटली. पुन्हा मान डोलावली. मग मला गंमत वाटायला लागली. मी एकाच बोटानं, अगदी फुलावर ठेवावं तसं, गादीला शिवले. तिनं डोळे न उघडताच बोट उचलून पाळण्याच्या पायथ्याकडे दाखवलं. मी दुसऱ्या टोकाला शिवले. तिनं तिकडे दाखवलं. मी चादरीवर नुसतं नख ओढलं.

त्रिशला हसली. डोळे मिटलेलेच.

सव्वीस वर्षं मी या मुलीबरोबर एका घरात राहिले होते.

"हाच," ती म्हणाली.

बाळ यायच्या आधी पाळणा घरात न्यायचा नाही, यावर आक्का ठाम होत्या, म्हणून तो दुकानातच ठेवला. रिक्षात बसल्यावर आक्का बाहेर बघत म्हणाल्या, "आपल्यात पोर आईच्या कुशीत निजतं. ही पेटी कशाला मध्ये?"

मी ते त्रिशलाला सांगितलं. ती गंभीर झाली. "मी गाढ झोपते, आई. बाळ माझ्या अंगाखाली आलं तर त्याचं रडणंसुद्धा मला ऐकू येणार नाही. जवळ हवं, पण त्याच्या जागेवर हवं."

मी ते आक्कांना सांगितलं. पण संध्याकाळी, त्रिशला खिडकीशी पाठमोरी बसून झबल्यांच्या घड्या करत होती, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"विहीणबाई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. सव्वा महिना झाला की पोरगी सासरी येणार. तिथं रातीला बाळ माझ्यापाशी निजंल. दिवसभर तिचं, रातीला माझं. वरीसभर तरी."

"तिला विचारायला हवं, आक्का."

"काय विचारायचं? मला काय तिच्याशी वैर हाय? अवो, आमचा सुकुमार दोन वर्षांचा होता. रातीला ताप चढला. अंधारात त्याचं कण्हणं मला ऐकू आलं म्हणून उठले, तसंच उचललं आणि दवाखाना गाठला. कान गेलं, पण पोर वाचलं. माझ्या कानानं वाचलं. त्या घरात आता दोघांनाबी ऐकू येत न्हाई. तिसऱ्यानं रातीला कण्हलं तर कोण उठंल?"

हाच प्रश्न मलाही गेले कित्येक महिने छळत होता. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की इथं असेपर्यंत पाळण्यापाशी जमिनीवर अंथरूण टाकायचं आणि आपण जागं राहायचं. पुढचं पुढे.

त्रिशलानं वळून पाहिलं. आमचे चेहरे बघून हातातलं झबलं खाली ठेवलं. "काय म्हणतात?"

लेकीपासून लपवायची सवय मी कधी लावून घेतली नव्हती. मी सगळं सांगितलं, तापाचं सुद्धा.

ती उठली. अवघडल्या अंगानं आक्कांसमोर येऊन उभी राहिली आणि तोंडानं बोलली. ती तोंडानं फार क्वचित बोलते. तिचा आवाज सपाट येतो, लोक वळून बघतात, म्हणून ती टाळते.

"माझं. बाळ," ती म्हणाली.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. पण हट्ट सोडला नाही. "व्हय गं बाई, तुझंच," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी खोलीवरून अडलं. मी पुढची खोली रिकामी करून ठेवली होती. उजेड, वारा, सकाळचं ऊन. त्रिशलानं दारात चपला काढल्या, आत चार पावलं टाकली आणि परत फिरली.

"इथं नको. मागची खोली."

मागची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून, अंधारी, एकच झरोका. "अगं, तिथं काय आहे? इथं ऊन येतं."

"इथं माग आहेत."

आमच्या पुढच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा यंत्रमागाचा कारखाना होता. दिवसरात्र खडखडाट. इचलकरंजीत तो कुणाच्या कानातच शिरत नाही, इतका सवयीचा.

"तुला कुठं ऐकू येतात माग?"

तिनं वाकून माझा हात धरला आणि फरशीवर टेकवला. फरशी थरथरत होती. बारीक, सतत. या घरात मी लग्न होऊन आले, संसार केला, हे गेल्यावर याच खोलीत शिवणाचं मशीन टाकून पोट भरलं. फरशी थरथरते हे मला कधी जाणवलं नव्हतं.

"या गोंगाटात मला बाळ कसं कळणार?" ती म्हणाली.

गोंगाट हा शब्द तिनं वापरला. मी मुकाट्यानं पलंग मागच्या खोलीत हलवला.

बाळ झालं. मुलगी. सुखरूप, सावळी, डोकंभर जावळ. सुकुमार आला, लेकीला हातात घेऊन तासभर नुसता बघत बसला आणि छापखान्याच्या कामासाठी परत गेला. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी पाळणाही आला. त्रिशलानं स्वतः उभं राहून पट्टे आवळून घेतले, पलंग आणि पाळणा यांत फट राहत नाही ना हे बोट फिरवून बघितलं. आक्कांनी आणलेली मोहरीची उशी, माझी दुपटी, रंगीत गोधडी, सगळं तिनं कपाटात ठेवलं. पाळण्यात फक्त बाळ. उताणं.

"किती उघडं उघडं वाटतंय," आक्का पुटपुटल्या.

मी ठरवल्याप्रमाणे खाली अंथरूण टाकलं. पण झालं असं, की बाळाचा आवाज ऐकून मी धडपडून उठायचे आणि बघायचे तर बाळ त्रिशलाच्या अंगावर पीत असायचं. एकदा नाही, रोज. ते खोक्यातलं यंत्र भक्कन पेटायचं तेव्हा ती आधीच उठून बसलेली असायची. मी आक्कांना सांगितलं.

"नवी आई हाय, झोपच कुठं लागतीया," त्या म्हणाल्या. "महिन्याभरानं दमंल, मग बघा."

तेही खोटं नव्हतं.

एका दिवसाची गोष्ट. मागांना साप्ताहिक सुट्टी होती. इचलकरंजीत त्या दिवशी अशी शांतता असते की आपल्याच घरातली भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकून माणूस दचकतो. बाळाला न्हाऊ घातलं होतं, शेक झाला होता, त्रिशलानं पाजून, खांद्यावर घेऊन, ढेकर काढून तिला पाळण्यात ठेवलं होतं. दोघीही झोपल्या होत्या. त्रिशला कुशीवर, पाठ आमच्याकडे, आणि तिचा तळवा पाळण्याच्या कडेवर पालथा पडलेला. बाळाला तिचा हात लागत नव्हता. मध्ये वीतभर अंतर होतं.

आक्का आणि मी खाली बसलो होतो. आक्का बाळंतिणीच्या जेवणासाठी लसूण सोलत होत्या. मी झबल्याला बंद लावत होते. आक्का हलक्या आवाजात बोलत होत्या. सासरी कुठली खोली बाळाला, त्यांचं अंथरूण कुठं, आपण त्रिशलाला कसं समजवायचं. मी हूं हूं करत होते. झरोक्यातून उजेड येत होता. कुठं खुट्ट नाही.

एकाएकी त्रिशला उठली.

दचकून उठतात तशी नाही. झोपेतून थेट कामात. तिनं बाळ उचललं, हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापट्या मारायला लागली. मला वाटलं हिला वाईट स्वप्न पडलं. मी "अगं, अगं, निजलीय ती" म्हणत पुढे झाले, आणि मला बाळाचं तोंड दिसलं.

तोंड उघडं होतं. चेहरा काळानिळा. डोळे ताणलेले. आणि आवाज नव्हता. रडणं नाही, खोकणं नाही, श्वासाची घरघरसुद्धा नाही. दूध वर येऊन अडकलं होतं आणि एवढंसं लेकरू आवाज न करता गुदमरत होतं. आमच्यापासून हातभर अंतरावर.

आक्कांच्या मांडीवरून लसणाचं ताट खाली पडलं, ते खणखणलं. त्रिशलाला ते ऐकू आलं नाही. तिनं अजून एक थाप मारली. मग अजून एक. बाळाच्या नाकातोंडातून दुधाची गुठळी बाहेर पडली, पाठोपाठ दूध. आणि मग ते रडलं. असं रडलं की झरोक्याबाहेरची कबुतरं उडाली.

त्रिशलानं बाळाला उलटवून छातीशी धरलं. बाळाचा तोंड उघडलेला चेहरा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. एक हात मोकळा करून तिनं विचारलं, "रडतेय?"

"रडतेय."

"जोरात?"

"खूप जोरात," मी म्हणाले. "सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरात."

तेव्हा ती पलंगावर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

आम्ही लगेच बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, घसा बघितला, सगळं ठीक आहे म्हणाले. पाजल्यावर जरा जास्त वेळ उभं धरा, झोपवायचं मात्र उताणंच, आणि पाळणा आहे तसाच राहू दे. मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "लक्षात कसं आलं? रडली का?"

"न्हाई," आक्का म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत. "आवाजच न्हवता, डॉक्टर. मी तिथंच होते. ह्या बी होत्या. चांगल्या चार कानांच्या." आणि त्रिशलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही झोपली होती."

डॉक्टरांनी त्रिशलाकडे बघितलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण कसं विचारायचं ते सुचलं नसावं.

घरी आल्यावर मी विचारलं. बाळ पुन्हा पाळण्यात निजलं होतं आणि आक्का पायथ्याशी बसून होत्या, त्यांची नजर बाळावरून हलत नव्हती.

"तुला कळलं कसं?"

त्रिशलानं जरा विचार केला. तिलाही ते कधी सांगावं लागलं नव्हतं. "ती झोपेत पाय हलवते. भूक लागली की एक पाय, आधी हळू, मग पटपट. स्वप्न पडलं की नुसती बोटं. शी झाली की अंग आक्रसतं. ते सगळं फळीतून कडेला येतं. मला झोपेतही कळतं. दर वेळी मी उठत नाही, भूक असेल तरच उठते."

"आणि आज?"

"आज दोन्ही पाय एकदम आपटले. असे कधी आपटत नाही. आणि मग काहीच नाही." तिनं तळवा हवेत धरला, स्थिर. "मी पाय आपटण्यानं नाही उठले, आई. ते थांबले म्हणून उठले."

मी ते आक्कांना जसंच्या तसं सांगितलं. आणि मला आमचे माग आठवले. आमच्या गावात मागांच्या खडखडाटात माणसं खुशाल घोरत असतात. वीज जाते, माग थांबतात आणि गल्लीच्या गल्ली जागी होते.

आक्का उठल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पाळण्याच्या कडेवर हात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ तशाच. मग म्हणाल्या, "मला काय बी कळंना."

त्रिशलानं त्यांचा हात धरला. आक्का पाळण्याची कड घट्ट आवळून बसल्या होत्या. तिनं त्यांची बोटं एक एक करून सैल केली, तळवा सपाट केला, मनगट खाली टेकवलं आणि त्यावर स्वतःचा हात नुसता ठेवला. दाबू नका, असं मान हलवून सांगितलं.

त्याच वेळी बाळाला उचकी लागली. झोपेतली, बिनआवाजाची उचकी.

आक्कांचे डोळे उघडले. मोठे झाले. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं बाई बाई बाई." उचकी पुन्हा आली. आक्का हसायला लागल्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "विहीणबाई, या, इकडं या, हात ठेवा."

मी हात ठेवला. आधी नुसतं लाकूड लागलं, गार. मग त्या लाकडात एक बारीकसा ठोका आला. मग थोड्या वेळानं दुसरा. मला काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर बोलणं आपोआप बंद होतं, तसं काहीसं झालं. माझ्या लेकीला काय येत नाही हे मला तिच्या जन्मापासून पाठ होतं. तिला काय येतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा हातानं पाहिलं.

रात्री बाळ कुणापाशी निजणार हा विषय पुन्हा निघाला नाही. आक्कांनीच दुसरा काढला.

"मला शिकवा," दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे." त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. "सुकुमार रविवारी येणार. त्याला हे मी सांगणार. माझ्या हातानं."

मी कप खाली ठेवला. आक्कांनी सुकुमारला तीस वर्षं सांभाळलं, पण त्यांना त्याची भाषा येत नव्हती. जेव, ये, झोप, पैसे, डोकं दुखतं, एवढ्या घरच्या खुणांवर दोघांचं चाललं होतं. बाकी त्या मोठ्यानं बोलायच्या आणि तो ओठांकडे बघून जमेल तेवढं समजून घ्यायचा. खुणांची भाषा तो शाळेत शिकला, मित्रांशी बोलला, त्रिशलाशी बोलला. आक्का म्हणायच्या, मला म्हातारीला ते हातवारे कुठं जमायचे.

शिकवायला त्रिशला बसली. बाळ पाळण्यात, या दोघी पलंगावर समोरासमोर. आई म्हणजे नाकातल्या चमकीच्या जागी बोट. बाळ म्हणजे हातांचा झोका. दूध. गळा. झोपणं, जागं होणं. आक्कांची बोटं कामानं जाड झालेली, नीट वळायची नाहीत. चुकलं की त्या स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या आणि पुन्हा करायच्या. भाजी निवडता निवडता हात थांबवून करायच्या, अंगणात उभ्या राहून करायच्या. शेजारीण मला विचारून गेली, पाहुण्यांना बरं नाही का?

एक शब्द त्यांना हवा होता आणि तो आमच्यापाशी नव्हता. "मी तिथंच होते, असं कसं म्हणायचं?" त्या विचारत होत्या. त्रिशलानं 'मी' दाखवलं, 'तिथं' दाखवलं. आक्का मान हलवायच्या. "तसं न्हाई. तिथंच. अगदी तिथं."

आता माझी नात सातवीत आहे. तिला ऐकू येतं, भरपूर बोलते, आणि बोलायच्याही आधी, दात नव्हते तेव्हा, मूठ उघडमीट करून दूध मागायला शिकली होती. मालनआक्का तीन वर्षांपूर्वी गेल्या. पण तो रविवार माझ्या डोळ्यांपुढे अजून तसाच आहे.

सुकुमार उन्हातून आला. खांद्याला पिशवी, हातात लेकीसाठी खुळखुळा. तो चपला काढून थेट पाळण्याकडे निघाला. आक्कांनी त्याचा दंड धरला, त्याला दारातच थांबवलं आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. पदर खोचला. हात वर केले.

"बाळ," त्या हातांनी म्हणाल्या. "झोप. दूध. गळा. बंद."

सुकुमार त्रिशलाकडे बघायला गेला. आक्कांनी त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"मी," त्या म्हणाल्या. "तिथं." मग थांबल्या. मग दोन्ही हातांनी स्वतःचे दोन्ही कान धरले, सोडले आणि रिकामे तळवे त्याच्यापुढे पसरले. हा शब्द आम्ही शिकवला नव्हता. "काही नाही. काही नाही." मग त्रिशलाकडे बोट. "झोप. हात. जागी." शेवटी त्यांनी बोट नाकापाशी नेलं आणि पुन्हा त्रिशलाकडे दाखवलं. "आई."

मध्ये दोन ठिकाणी चुकलं होतं. गळ्याऐवजी भलताच शब्द झाला होता. सुकुमारनं तो दुरुस्त केला नाही. पिशवी त्याच्या खांद्यावरून घसरून खाली आली, तेही त्याला कळलं नाही. तो आक्कांच्या हातांकडे बघत होता. त्या हातांनी त्याला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, तापात उचलून पळवलं होतं. ते हात आज पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होते.

आक्कांनी हात खाली घेतले आणि धास्तावून मला विचारलं, "कळलं का त्याला?"

मी उत्तर द्यायच्या आत सुकुमारनं त्यांचे दोन्ही हात धरून पुन्हा वर उचलले, होते तिथं, छातीच्या उंचीवर. मग स्वतःचे हात सोडवून तो एवढंच म्हणाला, "परत सांग."

आक्कांनी पदर पुन्हा खोचला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.